कागद कोणाकडे होता? : विद्यापीठांतले गोळीबार आणि प्रशासनाची जबाबदारी



मागचं व्याख्यान संपल्यावर जिन्यापाशी एक बाई थांबल्या होत्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. म्हणाल्या, “सर, नातू ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालाय, एम.एस. करायला. तिथे कॉलेजांत गोळीबार होतात, ते टीव्हीवर दिसतं. तिथले कॉलेजवाले मुलांची काळजी घेतात का हो?” मी उभ्या-उभ्या काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी पोचेपर्यंत ते मलाच पटेनासं झालं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईंना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

माझा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे आधी शब्द तपासायची खोड आहे. विद्यापीठाने ‘पुरेसं’ केलं का, असं आपण विचारतो, तेव्हा पुरेसं म्हणजे काय? याची दोन सोपी उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे माथेफिरूपुढे कोण काय करणार? दुसरं म्हणजे सगळा दोष कुलगुरूंचा, त्यांना घरी पाठवा. दोन्ही उत्तरांत विचार करायचे कष्ट वाचतात. बंदूक इतकी सहज का मिळते, हा मूळ प्रश्न आहे हे मला मान्य आहे. पण तो विद्यापीठाच्या हातातला नाही, म्हणून आज बाजूला ठेवतो. विद्यापीठाच्या हातात जे होतं, तेवढंच बघू. त्यासाठी प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारायचा: कोणाला काय माहीत होतं, आणि त्या माहितीचं पुढे काय झालं? मारेकऱ्यांची नावं मी घेणार नाही. त्यांची आपल्याला गरज नाही.

सुरुवात ऑस्टिनपासून करतो. १ ऑगस्ट १९६६. टेक्सास विद्यापीठाचा मनोरा, २८ वा मजला, सज्जा. मरीन दलातून आलेला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी रायफली घेऊन वर गेला आणि पावणेबाराच्या सुमारास त्याने खाली गोळ्या झाडायला सुरुवात केली. आदल्या रात्रीच त्याने आईला आणि बायकोला मारलं होतं. ९६ मिनिटं हे चाललं. डझनाहून जास्त लोक गेले, तीसेक जखमी झाले. विद्यापीठाकडे स्वतःचं सशस्त्र पोलिसदल नव्हतं. शेवटी शहर पोलिसांतले रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मकॉय वर चढले आणि त्यांनी त्याला संपवलं. त्यांच्याबरोबर ॲलन क्रम नावाचा पुस्तकांच्या दुकानातला एक कर्मचारीही होता. ना योजना होती, ना संदेशयंत्रणा. जे झालं ते माणसांच्या अंगच्या धैर्यावर झालं.

ती ९६ मिनिटं सगळ्यांना माहीत आहेत. मला त्याआधीचे चार महिने महत्त्वाचे वाटतात. २९ मार्च १९६६ रोजी हाच मुलगा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉ. मॉरिस हीटली या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता. मनोऱ्यावर जाऊन हरणं मारायच्या रायफलीने लोकांवर गोळ्या झाडाव्यात असं मनात येतं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. डॉक्टरांनी ते टिपणात लिहिलं आणि आठवड्याने पुन्हा यायला सांगितलं. तो परत आला नाही. टिपण फाइलमध्ये राहिलं.

इथे डॉक्टरांना खलनायक करू नका. विद्यार्थी बोलताना मनोऱ्याचा उल्लेख नेहमीच करतात, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते खरंही असेल. असं काही ऐकल्यावर कोणाला कळवावं, याचा नियमही तेव्हा नव्हता. तेव्हा १९६६ साली विद्यापीठ घटनेच्या आधी कमी पडलं, याला निदान अज्ञानाची सबब आहे. घटनेनंतर जे झालं त्याला मात्र तीही नाही. विद्यापीठ एक दिवस बंद राहिलं आणि लगेच वर्ग सुरू झाले. मेलेल्यांची नावं कोरलेला दगड आवारात बसायला पन्नास वर्षं लागली. तो २०१६ च्या १ ऑगस्टला बसला. टेक्सासच्या विद्यापीठांत परवानाधारकांना बंदूक जवळ बाळगू देणारा कायदा नेमका त्याच दिवशी लागू झाला, हाही इतिहासाचाच भाग आहे.

आता नियम कसा आला ते सांगतो, कारण त्यात आपल्या देशाचा एक धागा आहे. १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे भारतातून गेलेला एक विद्यार्थी समुपदेशन घेत होता. एका तरुणीला मारायचा विचार त्याने मानसतज्ज्ञाला सांगितला. या मानसतज्ज्ञाने आपलं काम केलं: विद्यापीठाच्या पोलिसांना लेखी कळवलं. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं, तो शुद्धीवर दिसतो असं ठरवून सोडून दिलं. पुढचं नीट ऐका. मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी ते पत्र पोलिसांकडून परत मागवलं आणि प्रती नष्ट करायला सांगितल्या. त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीही काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ खटल्यात निकाल दिला: रुग्णाची गुप्तता मोठी आहे, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसत असेल तर त्या माणसाला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

म्हणजे १९७६ नंतर ‘आम्हाला कुठे माहीत होतं काय करायचं’ ही सबब निदान तत्त्वतः संपली. मग पुढे काय झालं?

कॅनडात, माँट्रियलला चला. २४ ऑगस्ट १९९२ ला कॉन्कॉर्डिया विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीच्या एका सहयोगी प्राध्यापकाने चार सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं. हा माणूस एका रात्रीत बिघडला नव्हता. तो बारा वर्षं तिथे होता. धमक्या, भांडणं, तक्रारी यांच्या फाइली तुंबल्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्याने पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी विद्यापीठाची संमतीही मागितली होती. ती नाकारली गेली, एवढंच.

कॉन्कॉर्डियाने मात्र नंतर एक गोष्ट केली, तिच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी दोन स्वतंत्र चौकशा नेमल्या आणि १९९४ मध्ये दोन्हींचे अहवाल लोकांसमोर ठेवले. जॉन स्कॉट कोवन यांच्या अहवालाने प्रशासन कसं कमी पडलं ते खोलात जाऊन दाखवलं. विभागप्रमुख, अधिष्ठाता ही माणसं विद्वत्तेसाठी निवडली जातात, माणसं हाताळायचं शिक्षण त्यांना कोणी देत नाही. म्हणून अवघड माणूस समोर आला की प्रत्येक जण त्याला टाळतो, आणि पुढच्या टेबलावरचा बघेल असं समजतो. दुसरी चौकशी हॅरी आर्थर्स यांच्या समितीची. तिचा विषय ऐकून तुम्हाला धक्का बसेल. संशोधनात ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं निबंधांवर येतात, असा मारेकऱ्याचा आरोप होता. समितीने तो तपासला, आणि त्यात तथ्य आहे असं सांगितलं. विचार करा: चार सहकारी गमावलेलं विद्यापीठ त्यांना मारणाऱ्याचा आरोप खरा की खोटा हे तपासतं आणि ‘काही अंशी खरा’ असं छापतं. खुनाचं समर्थन त्यात कुठेही नाही. पण सत्य कोणाच्या तोंडून आलं यावर त्याचं सत्य असणं ठरत नाही, हे विद्यापीठाने पाळलं. त्याच वर्षी तिथल्या कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

माँट्रियलमधलीच आणखी एक तुलना. १९८९ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये चौदा स्त्रियांची हत्या झाली, तेव्हा पोलिस आत न शिरता बाहेर वेढा घालत राहिले. त्यावर कडक टीका झाली, पद्धत बदलली. २००६ मध्ये त्याच शहरात डॉसन कॉलेजात गोळीबार झाला, तेव्हा पोलिस थेट आत गेले. एक विद्यार्थिनी गेली, अनेक जखमी झाले. पण चौदा गेले नाहीत. चुकांतून शिकता येतं, याचा हा पुरावा. अर्थात इथे शिकण्याची गोष्ट मोजता येण्यासारखी होती: दार ते वर्ग, किती मिनिटं.

आता ब्लॅक्सबर्ग. इथे जरा रेंगाळणार आहे.

१६ एप्रिल २००७, सोमवार. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या लागल्या. पोलिसांना वाटलं, प्रेमप्रकरण असेल. मुलीच्या मित्रावर संशय गेला आणि मारेकरी आवार सोडून गेला असावा असा समज झाला. साडेआठच्या आत विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी बैठकीला बसले. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात वसतिगृहात गोळीबाराची घटना घडल्याचं होतं. मारेकरी मोकळा आहे हे नव्हतं. ९.४० च्या सुमारास नॉरिस हॉल या इमारतीत तोच मुलगा दारांना साखळ्या लावून वर्गावर्गांत शिरला. दहा-अकरा मिनिटांत तीस जण मेले. मारेकरी मोकळा आहे, घराबाहेर पडू नका, हा संदेश गेला तेव्हा ९.५० झाले होते.

त्या वर्गांत आपली माणसं होती. जलशास्त्राचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन, तमिळनाडूत जन्मलेले. मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी. आणि शेजारच्याच वर्गात ७६ वर्षांचे लिविउ लिब्रेस्कू, नाझी काळातून वाचलेले. त्यांनी दार अंगाने दाबून धरलं, मुलं खिडकीतून उड्या टाकून वाचली, ते गेले. आणखी एका वर्गात मुलांनी दाराला मोठं टेबल लावलं. गोळ्या दारातून आल्या, पण तिथे एकही जण जखमी झाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो. वेळेवर कळलं तर माणसं काय करू शकतात, ते त्या टेबलाने दाखवलं. दोन तास आधी मोकळा इशारा मिळाला असता तर किती दारांना किती टेबलं लागली असती? आणि किती मुलं त्या सकाळी वर्गात आलीच नसती?

राज्यपालांनी चौकशी समिती नेमली, निवृत्त कर्नल जेराल्ड मॅसेंगिल अध्यक्ष. समिती न्यायाने वागली. शंभराहून जास्त इमारतींचं आवार एका झटक्यात बंद करणं शक्य नव्हतं, हे तिने मान्य केलं. पण इशारा लवकर द्यायला हवा होता, हेही स्पष्ट सांगितलं. २००९ च्या सुधारित अहवालात एक बोचणारी नोंद आहे: सगळ्यांना सूचना जाण्याआधी काही कर्मचाऱ्यांनी आपापल्या घरच्यांना कळवलं होतं. म्हणजे घरच्या माणसाला सांगावं इतका धोका त्यांना दिसत होता.

पण मंडळी, हे दोन तास म्हणजे गोष्टीचा शेवट. सुरुवात २००५ मध्ये आहे. इंग्रजी विभागात कवयित्री निकी जोव्हानी यांनी सांगितलं, हा मुलगा वर्गात राहिला तर मी राजीनामा देते. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला एकटीने शिकवलं, आणि समुपदेशन केंद्र, अधिष्ठाते, पोलिस अशा सगळ्यांच्या कानावर घातलं. विद्यार्थिनींनी पोलिसांकडे तक्रारी केल्या. डिसेंबरमध्ये न्यायाधिकाऱ्याने त्याला उपचार घ्यायचा आदेश दिला. तो केंद्रात एकदा गेला. पुढे त्याने उपचार घेतले की नाही, हे बघणं कोणाचंच काम नव्हतं. विभागाकडे एक तुकडा, पोलिसांकडे एक, वसतिगृहाकडे एक, न्यायालयाकडे एक. गुप्ततेचा कायदा आड येतो असं प्रत्येकाला वाटलं. समितीने कायदा वाचून दाखवला की तो इतका आड येत नव्हता. टॅरासॉफ निकालाला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.

आणि तो समुपदेशन केंद्रातला कागद? चौकशी चालू असताना तो सापडत नव्हता. २००९ च्या जुलैमध्ये सापडला, केंद्राच्या माजी संचालकांच्या घरी. चुकून इतर कागदांबरोबर गेला होता, असं सांगण्यात आलं.

नंतरचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका मुलीचा खून झाला, तिच्या आईवडिलांनी लढून १९९० मध्ये कायदा करवून घेतला. त्याला क्लेरी कायदा म्हणतात. धोक्याचा इशारा वेळेवर द्या, असं तो विद्यापीठांना सांगतो. या कायद्याखाली व्हर्जिनिया टेकला दंड झाला, आधी ५५ हजार डॉलर. अपिलांनंतर तो ३२,५०० वर आला. दोन कुटुंबं कोर्टात गेली. २०१२ मध्ये ज्यूरीने विद्यापीठाची हयगय मान्य केली. २०१३ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, इशारा देण्याचं कायदेशीर कर्तव्य या परिस्थितीत नव्हतं म्हणून. कायद्याचं मी बोलणार नाही. एवढंच म्हणतो की कायदेशीर कर्तव्य नव्हतं याचा अर्थ जे केलं ते पुरेसं होतं, असा होत नाही.

सुधारणा झाल्या का? झाल्या. २००८ मध्ये तातडीचा इशारा देणं देशभर बंधनकारक झालं. व्हर्जिनियात प्रत्येक सरकारी विद्यापीठात धोका ओळखणारं पथक नेमायचा कायदा आला. त्याच फेब्रुवारीत नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात वर्गात गोळीबार झाला, तेव्हा पोलिस काही मिनिटांत पोचले, इशारा पाव तासाच्या आसपास संकेतस्थळावर होता. तरी पाच विद्यार्थी गेले. प्रशासनाने त्या दुपारी जवळजवळ सगळं बरोबर केलं. यावरून एक कळतं: घटना सुरू झाल्यावर कितीही चपळाई केली तरी ती वरातीमागून घोडंच असते.

म्हणून शेवटचं उदाहरण. ५ ऑक्टोबर २०२२, ॲरिझोना विद्यापीठ. जलशास्त्र विभागाचे प्रमुख टॉमस माइक्सनर यांना एका माजी विद्यार्थ्याने विभागातच गोळ्या घातल्या. त्याच्या धमक्या आधीपासून येत होत्या. त्याला विद्यापीठातून काढलं होतं, आवारात यायला बंदी होती. विभागातल्या लोकांनी वरिष्ठांना पुन्हापुन्हा कळवलं होतं. इथे कायदा होता, पथक होतं, इशारायंत्रणा होती. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने पुन्हा तेच सांगितलं: माहिती होती, पण ती विखुरलेली राहिली, संधी हुकल्या. छप्पन्न वर्षांनी आपण डॉ. हीटलींच्या टिपणापाशीच येऊन उभे राहिलो.

का? माझा अंदाज सांगतो. मोबाइलवरचे इशारे, कॅमेरे, आतून लागणाऱ्या कड्या या गोष्टी विकत घेता येतात आणि अहवालात दाखवता येतात. पण एखाद्या मुलाविषयी पाच कार्यालयांत पडलेले पाच कागद एका टेबलावर आणून ‘आता हा माणूस माझी जबाबदारी’ असं कोणी म्हणायचं, हे विकत मिळत नाही. त्यात धोकाही असतो. मुलगा निरुपद्रवी निघाला तर तुम्ही त्याच्यावर डाग लावला असं होतं. विचित्र वागणारी बहुतेक मुलं कोणाचंही काही बिघडवत नाहीत, हे विसरून चालणार नाही. मी पाळतीची मागणी करत नाही. चौकशीची, विचारपुशीची करतो आहे.

आता माझा स्वतःचा कागद. नोकरीत असताना एका विद्यार्थ्याने ट्यूटोरियलच्या वहीत विषय सोडून भलतंच लिहून दिलं होतं. वर्गातल्या काही मुलांची नावं, त्यांच्याविषयीचा राग, आणि स्वतःला संपवायच्या गोष्टी. मी सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “जाऊ द्या सर, वय आहे.” मी दोन पानं फाडून खणात ठेवली, मुलाशी सवडीने बोलू म्हणून. सवड झाली नाही. पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा ती पानं हाती आली. तो मुलगा कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये नैतिक दैव ही कल्पना मांडली. दोन माणसं एकच हयगय करतात. एकाच्या हयगयीतून अनर्थ होतो, दुसऱ्याच्या नाही. आणि आपण पहिल्यालाच दोषी धरतो. मी वर्गात ही कल्पना वर्षानुवर्षं शिकवली. ती पानं खणात असतानाही शिकवत होतो. हीटली आणि माझ्यात फरक असेल तर तो त्यांच्या बाजूने आहे: त्यांनी निदान पुढची तारीख तरी दिली होती.

तर बाई, तुम्ही आज आला असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गोळीबार सुरू झाल्यावर तिथली विद्यापीठं आता बऱ्यापैकी वेगाने हलतात. तो सुरू होण्याआधी जे करायचं, ते अजून पुरेसं होत नाही. आणि नंतर खरं सांगायचं धाडस काहींनी दाखवलं, काहींना ते कोर्टाने किंवा काळाने करायला लावलं. नातवाला सांगा, तिथलं प्रत्येक विद्यापीठ दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध करतं, तो वाच. इशाऱ्याच्या यंत्रणेत मोबाइल नंबर नोंदव. आणि पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारून घे: “माझ्या खोलीतला किंवा प्रयोगशाळेतला एखादा मुलगा बिनसलेला दिसला, तर मी कोणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर पुढे काय होतं?” नाव आणि खोली नंबर सांगितला तर बरं. ‘बघू, कळवू’ म्हणाले, तर पुन्हा विचार.

समोर जे शिक्षक बसले असतील, त्यांनी आज घरी गेल्यावर आपला खण उघडून बघावा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.